न घेतल्याची ओटी

या ग्रुपवर मला माझ्या नातीनं घातलं. रोज वाचते मी तुमचे अनुभव, आणि खरं सांगू? निम्मे वाचून हसू येतं. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, वडाखाली लिफ्ट मागणारी बाई... राग मानू नका, पण भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दाराला कोणी लिंबू-मिरची बांधली, तर ती ओढून कचऱ्यात टाकणारी म्हातारी मीच. जन्म कारखान्यात पॅकिंगला उभं राहण्यात गेला, युनियनमध्ये होते, मॅनेजरच्या टेबलावर हात आपटून बोललेली बाई आहे मी. एकदा आमच्या डिपार्टमेंटमध्ये एकीच्या अंगात आलं. सगळ्या पाया पडत होत्या. मी विचारलं, "देवी, उद्या फर्स्ट शिफ्टला येणार की सेकंडला?" देवी तिथल्या तिथे उतरली.

तर अशी मी. आणि तरीही एक गोष्ट आहे जी माझ्या डोळ्यांनी पाहिली, भर दुपारी, शुद्धीत... आणि जिचा अर्थ आजतागायत लागलेला नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय. शुद्धलेखन तिचं, राग माझा.

पानशेत फुटायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. आम्ही भोई. रावेतच्या अलीकडे पवनेच्या काठावर आमची पाच-सहा घरांची वस्ती होती. आज तिथे टॉवर उभे आहेत आणि रिव्हर व्ह्यू म्हणून विकतात. तेव्हा नदी खरंच होती. वस्तीखाली नदीला वळण, आणि वळणावर मोठा डोह. पाणी हिरवंगार, आणि उन्हाळ्यातही तळ न दिसणारं. डोहाच्या काठाला सात शेंदरी दगड. त्या साती आसरा — पाण्यातल्या बाया. आमच्याकडे नवी नवरी आली की आधी त्यांना हळदकुंकू, मग घरातल्या देवांना. जाळं टाकण्याआधी आबा, म्हणजे माझे वडील, पाण्याला हात लावून म्हणायचे, "बायांनो, पोटापुरतं." एवढाच काय तो आमचा धर्म.

आबा आणि माझा थोरला भाऊ किसनदादा, दोघंही पाणबुडे. कोणाचा बैल बुडाला, विहिरीत कळशी पडली, माणूस बुडाला, की बोलावणं आमच्या घरी यायचं. त्यात एक नियम होता. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक घरच्याच माणसाच्या हातात. दोरी धरणाऱ्यानं दुसरं काही करायचं नाही. बोलायचं नाही, विडी ओढायची नाही, माशी बसली तरी हाकलायची नाही. खालून झटका आला की ओढायचं. बस.

मग कारखाने यायला लागले. आमच्यापासून थोड्या अंतरावर एका मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं. नाव घेत नाही. बांधकामाला पाणी हवं, म्हणून आमच्या डोहावर पंप बसवायचं ठरलं. काठावर पत्र्याची शेड, शेडमध्ये ऑइल इंजिन, आणि तिथून जाड पाइप डोहात सोडलेला. पाइपाच्या खालच्या तोंडाला लोखंडी जाळी, म्हणजे कचरा आत जाऊ नये. बांधकामाचा कंत्राटदार पुण्याचा, त्याला सगळे बाबूशेठ म्हणायचे. पांढरा डगला, काळी टोपी, तोंडात सदा पान. आणि पंपाबरोबर आला एक जपानी.

हसू नका, खरंच जपानी. पंप तिकडचे, म्हणून ते बसवायला तिकडचा माणूस. नाकामुरा त्याचं नाव. आमच्या वस्तीवर त्याला जपानी साहेब म्हणायचे. चिंचवडला खोली दिलेली, पण तिथला आचारी शाकाहारी. हा समुद्रकाठचा माणूस. आठवड्यात त्याचं तोंड उतरलं. एक दिवस आमच्या दारात चुलीवरच्या माशाचा वास आला तसा येऊन उभा राहिला, कमरेत वाकला, आणि हिंदीत म्हणाला, "माताजी... मछली?"

आईला इतकं हसू आलं की तिनं त्याला पाटच दिला.

तेव्हापासून संध्याकाळी तो आमच्याकडेच जेवायचा. दादानं देहूरोडच्या छावणीत हमाली करता करता हिंदी उचललं होतं. नाकामुराचं हिंदी तुटकं, दादाचं त्याहून तुटकं, पण दोघांचं जमलं भारी. दादा आम्हाला सांगायचा, तो काय म्हणतोय ते.

त्याचं गाव इसे नावाच्या मोठ्या देवस्थानाजवळ, समुद्रावर. तिथे म्हणे समुद्रात दोन खडक आहेत, एक मोठा, एक लहान. नवरा-बायको मानतात त्यांना, आणि दोघांना भाताच्या पेंढ्याच्या जाडजूड दोरखंडानं बांधतात. दोर कुजला की सगळा गाव मिळून नवा वळतो. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, आणि देवळाभोवतीच्या जंगलाला कुऱ्हाड लावायची नाही. "आमच्या देवराईगत," आबा म्हणाले. आणि सगळ्यांत नवल म्हणजे, तिथे पाणबुडे नाहीत, पाणबुड्या! बाया समुद्रात बुडी मारतात. त्याची आई, आजी, पणजी, सगळ्या बुडी मारणाऱ्या. खडकाला चिकटलेल्या शिंपल्या काढून आणायच्या, त्यातल्या पहिल्या त्या मोठ्या देवळात नैवेद्याला जायच्या, राजेरजवाड्यांच्या काळापासून. बाई पाण्यात, आणि तिची दोरी होडीत बसलेल्या नवऱ्याच्या हातात.

"आन त्यो नवरा दुसरं काय करत न्हाई ना?" आबांनी विचारलं.

दादानं विचारून सांगितलं, "न्हाई. शिंकतबी न्हाई म्हनं."

आबा खूश. बराच वेळ मान डोलवत होते. नाकामुरानं मग आईची एक नक्कल करून दाखवली. बाई वर आली की ओठांतून हवा सोडते, लांब शीळ घातल्यासारखी. सगळा किनारा त्या शिळांनी भरून जातो म्हणाला. आमचे आबा वर आले की अगदी तसंच करायचे. सात समुद्रांपलीकडे एक बाई आणि इकडे माझा बाप, एकच शीळ. मला ते ऐकून अंगावर काटा आला होता.

त्याच्याकडे आईचं एक पांढरं फडकं होतं, डोक्याला बांधायचं. त्यावर जांभळ्या दोऱ्यानं चांदणी शिवलेली. हे कशाला, तर रक्षणाला. पाण्यात म्हणे कधी कधी दुसरी बाई भेटते. हुबेहूब आपल्यासारखी. तेच फडकं, तोच चेहरा. हसते, आणि आपल्याला हवं तेच हातात घेऊन पुढे करते... मोठी शिंपली. ते घ्यायला गेली ती बाई परत येत नाही. नाव त्यानं सांगितलं होतं, पण तेव्हा लक्षात राहिलं नाही. परवा नातीनं मोबाइलवर शोधलं — तोमोकाझुकी. खरंच आहे तशी समजूत त्या किनाऱ्यावर.

आई म्हणाली, "तुमच्याकडं येकच व्हय? आमच्याकडं सात हायेत." आणि सगळे हसलो. किसनदादा सगळ्यांत जास्त.

पंप सुरू झाला आणि महिनाभरात जाळीला शेवाळ अडकलं. पाणी कमी पडू लागलं. दादा उतरून साफ करायचा, दोरी आबांकडे. नाकामुरानं नियमच केला होता. माणूस खाली असेपर्यंत इंजिनाचं हँडल त्याच्या स्वतःच्या हातात. म्हणजे कोणी चुकूनही इंजिन सुरू करायला नको.

एक दिवस नाकामुरा कामासाठी पुण्याला गेला. नेमकं त्या दिवशी पाणी थांबलं. बाबूशेठला दम नव्हता, स्लॅबचं काम अर्ध्यावर. दादाला उतरवलं. दोरी आबांच्या हातात. तेवढ्यात सिमेंटची लॉरी काठावरच्या चिखलात रुतली. बाबूशेठ ओरडला, "आबा, हात लावा जरा! दोरी बांधा त्या खुंटाला, पळून जात नाही तुमचा पोरगा." आबा म्हणाले, न्हाई जमायचं. बाबूशेठनं अशा शिव्या घातल्या, आणि मुकादमानं त्यांना दंडाला धरून उठवलं... आबांनी दोरी खुंटाला बांधली आणि लॉरीला हात लावला. लॉरी निघाली. बाबूशेठला वाटलं, झालं असेल एव्हाना. त्यानं शेडमधल्या माणसाला आवाज दिला, "मार हँडल!"

मी हे सगळं वरून, वस्तीच्या अंगणातून पाहत होते. इंजिनाची धडधड ऐकली. आबा धावले तेही पाहिलं. दोरीला झटके बसत होते म्हणे. खुंटाला काय कळणार?

आबांनीच उतरून दादाला वर आणला. दादाच्या छातीवर जाळीची छाप होती. चौकोन, चौकोन, निळे पडलेले. आई त्या चौकोनांवरून बोट फिरवत बसली होती.

आणि बाबूशेठ काय म्हणाला ठाऊक आहे? पोलीसपाटील यायच्या आत त्यानं सगळ्यांसमोर कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "आसरांनी ओढला हो पोराला! जागृत डोह आहे."

मुकादमानं मान हलवली. गावातल्या चार कर्त्या माणसांनी मान हलवली. त्यांची पोरं कारखान्यात लागायची होती ना. पाटलानं तेच लिहून घेतलं. आबांनी छापेकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, खडकाचं खरचटलंय. आणि एवढ्यावर थांबलं नाही. आसरांनी ओढला, म्हणजे पोरात काहीतरी खोट असणार, असं बोलू लागले. विटाळाचा शिवला असेल, बायांवर वाकडी नजर टाकली असेल... माझा दादा! ज्यानं उभ्या जन्मात कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही. त्याची बायको पोटुशी होती, तिला पाणवठ्यावर बाया टाळू लागल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

तेराव्याला कहर झाला. आमच्याकडे रीत आहे, आसरांनी माणूस नेला की गावानं त्यांची ओटी भरायची. हिरवं लुगडं, खण, नारळ, बांगड्या, दहीभात. आणि म्हणायचं, घेतला तो घेतला, आता पुन्हा नको. बाबूशेठ स्वतः आला ओटी घेऊन. जरीच्या काठाचं लुगडं, वाजंत्री, गावजेवण. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस, हात जोडून डोळे मिटून उभा! म्हणाला, "मातांनो, तुम्ही घेतलंत ते तुम्हाला पावलं. आता शांत व्हा." आणि लुगड्याची ओटी डोहात सोडली.

आईला बोलावलं होतं ओटी भरायला. ती गेली, पण हात लावला नाही. सगळे पांगल्यावर ती एकटी त्या सात दगडांपुढे बसून राहिली. मी तिला न्यायला गेले. मला वाटलं रडत असेल. रडत नव्हती. तिच्या डोळ्यांत मी तेव्हा जे पाहिलं ते पुढे युनियनच्या कुठल्याच मोर्च्यात पाहिलं नाही.

ती दगडांशी बोलत होती. "ऐकलंत न्हवं? तुमच्यावर आळ घातला. तुमी न्हाई घेतला माझा किसन, मला ठावं हाय, तुमाला ठावं हाय. न घेतल्याची ओटी तुमच्या पदरात घातली त्यानं. आता घेतल्याबिगर ती ओटी तुमाला पचायची न्हाई. काय करायचं ते तुमी बघा."

खरं सांगते, त्या वेळी मला आईचाच राग आला होता. मी म्हटलं, दगडांशी काय बोलतेस, कोर्टात जाऊ. आई म्हणाली, "तू जा कोर्टात. मी हितं आले."

नाकामुरा त्याआधीच, पुण्याहून परतल्या दिवशी आमच्याकडे आला होता, तेव्हा उंबऱ्याबाहेरच गुडघ्यांवर बसला. आता त्याचं बोलणं आम्हाला सांगणारा कोणी नव्हता. त्यानं फक्त छातीवर हातानं चौकोन काढले आणि शेडकडे बोट दाखवून मान हलवली. म्हणजे त्याला कळलं होतं. त्यानं मोठ्या साहेबांना सांगून पाहिलं असणार, कारण नंतर बाबूशेठ त्याच्याशी बोलेनासा झाला. पण कंत्राट बाबूशेठचंच राहिलं.

आणि मग ऐन चैत्रात पाइप पुन्हा तुंबला. या वेळी अगदी ठार. एक थेंब येईना. नाकामुरानं वरून लांब बांबूला आकडा लावून चाचपलं, तर आकड्याला धागे आले. हिरवे. एक जरीचा.

काय ते कळलं ना? बाबूशेठनं सोडलेली ओटी. वाहून न जाता त्याच्याच जाळीला जाऊन बसली होती.

बाबूशेठ आमच्या दारात आला. बसा म्हणायच्या आत बसला. "आबा, तुमच्याशिवाय कोण उतरणार? पिढ्यांचं काम आहे तुमचं." मग पान चघळत म्हणाला, वस्तीची जागा कारखान्याच्या हद्दीत येते, मी शब्द टाकला तर राहील, नाही टाकला तर... मी आतून विळा घेऊनच बाहेर आले होते. आबांनी डोळ्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "उतरतो."

तो गेल्यावर मी आबांवर ओरडले. ज्यानं तुमचा पोरगा मारला त्याच्यासाठी? आबा म्हणाले, "मी न्हाई उतरलो तर दुसऱ्या कुनाचं तरी पोरगं उतरवंल त्यो. मी गेल्यालं बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे डोहावर. आईनं दोरी घेतली. आजवर बाईनं दोरी धरली नव्हती आमच्यात. नाकामुरा इंजिनाचं हँडल छातीशी धरून उभा. मी शेडच्या दारात, विळा हातात. मनाशी ठरवलंच होतं, आज कोणी इंजिनाकडे पाऊल टाकलं तर त्याचा हात जागेवर राहणार नाही. माझ्यासाठी त्या क्षणी जगात एकच गोष्ट होती, माझा बाप पाण्यातून वर आला पाहिजे. आणि दुसरी खरी सांगायची तर, बाबूशेठ मेला पाहिजे.

ऊन रणरणतं. पाणी आरशासारखं निपचित. आबा काठावर पाठमोरे बसून डोळे मिटून दम भरत होते, उतरण्याआधी ते तसे बराच वेळ बसायचे. बाबूशेठ खालच्या पायरीवर, पाण्याच्या अगदी कडेला, घाई करत होता. "अहो आटपा, पूजा मांडलीय काय?"

आणि तो मध्येच थांबला. पाण्याकडे पाहून म्हणाला, "कोण आहे रे तिथे?"

मीही पाहिलं.

पाण्यात एक माणूस उभा होता. छातीपर्यंत. जिथे बांबू पुरत नाही अशा ठिकाणी, उभा. पांढरा डगला, काळी टोपी. टोपी कोरडी. तोंडात पान असल्यासारखा एक गाल फुगलेला. तो बाबूशेठ होता. आणि पायरीवरही बाबूशेठ होता. प्रतिबिंब म्हणाल, तर पायरीवरचा हात खाली सोडून उभा होता आणि पाण्यातला हात पुढे करून. त्याच्या हातात हिरवं लुगडं होतं, पाणी गळणारं, आणि तो हसत होता. 'हेच हवं होतं ना? घे' म्हणावं तसा.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. नाकामुरानं हँडल टाकलं आणि धावत येऊन ते चांदणीचं फडकं माझ्या डोक्यावर, डोळ्यांवर घट्ट दाबलं. म्हणजे त्यालाही दिसलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. फडकं पातळ होतं. त्यातूनही मला दिसलं.

बाबूशेठ घाबरला नाही, हेच मला पटत नाही. तो खूश झाल्यासारखा म्हणाला, "हां, आण इकडे," आणि घरातला जिना उतरावा तसा पायरी उतरला. एक, मग दुसरी... पाणी कमरेला, छातीला, टोपीला. ना धडपड, ना आवाज. पाणी मिटलं. बुडबुडासुद्धा आला नाही.

मुकादम बोंब मारत पळाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शेठ पाय घसरून पडला, दुसरं कोणी नव्हतं. आईनं काहीच पाहिलं नव्हतं, तिचे डोळे दोरीवर.

बोंब ऐकून आबांनी डोळे उघडले. काय झालं ते कळताच त्यांनी क्षणभरही विचार केला नाही, उडी टाकली. पाणबुड्याला शत्रू-मित्र नसतो. दोरी सरसर गेली, मग थांबली. बराच वेळ थांबली. मी श्वास धरून होते. मग झटका आला आणि आईनं अशी ओढली की तिचे तळहात सोलले. आबा वर आले, ती लांब शीळ सोडली, आणि म्हणाले, "खाली कोन न्हाई."

पुन्हा गेले नाहीत. पोलिसांनी आळंदीकडचे पाणबुडे आणले, त्यांनी दोन दिवस शोधलं. काही सापडलं नाही. टोपीसुद्धा नाही. नाकामुरानं इंजिन सुरू करून पाहिलं, तर पाइपातून धो धो पाणी आलं. जाळी मोकळी होती. ती कोणी साफ केली, तुम्ही सांगा.

पोलीसपाटलानं लिहून घेतलं, आसरांनी ओढला. तेच शब्द. या वेळी लिहिताना त्याच्या कपाळाला घाम होता. गावानं घाईघाईनं दुसरी ओटी आणली. आई पुढे झाली, म्हणाली, "आता द्या. आता लागू हाय." आणि तिनं स्वतःच्या सोललेल्या हातांनी ती भरली. त्यानंतर दादाच्या चारित्र्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. उलट मुकादम वैनीच्या पाया पडून गेला. तिला मुलगा झाला, त्याच्या बारशाला सगळं गाव आलं. आईनं कोणाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

कारखान्यानं पंप खालच्या अंगाला हलवला. नाकामुरा पावसाळ्याआधी परत गेला. जायच्या दिवशी डोहापुढे कमरेत वाकून बराच वेळ उभा होता. मला आजही प्रश्न पडतो. ती पाण्यातली दुसरी त्याच्या समुद्राकडची. आमच्या आसरांची ही पद्धत कधी ऐकली नव्हती. त्यांना कोणी शिकवली? एका पाणवठ्याच्या बायांचा निरोप दुसऱ्या पाणवठ्याला पोचतो काय? नात म्हणते, "आजी, गोष्ट ऐकलेली होती, राग डोक्यात होता, ऊन होतं. मेंदू खेळ करतो." म्हणत असेल. मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. मी पाहिलं ते मी आबांना कधीच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. नाकामुरानं सांगायचा प्रश्नच नव्हता.

पुढे बऱ्याच वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले. तोवर मी नोकरीला लागले होते, लग्न झालं होतं. एक दिवस त्यांना पेज भरवत होते. घरात आम्ही दोघंच. सहज विचारलं, "आबा, त्या दिवशी खाली खरंच कोणी नव्हतं?"

आबांनी तोंड फिरवलं. मला वाटलं झोपले.

"व्हते की," ते म्हणाले. "दोगं व्हते."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"शेजारी शेजारी बसल्याले, जाळीपाशी. येकसारके. डगला तोच, टोपी तीच. आता कुनाला वर आनायचं?"

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. दोगांनीबी हात वर क्येले. माज्या दोरीकडं." आबा थांबले. त्यांचा श्वास लागला होता, मी पाठीवर हात फिरवला. "त्यातला येक जित्ता व्हता, सोने. डोळ्यांत कळतं. पानी पिऊन ऱ्हायला व्हता, पर जित्ता व्हता. निरकून बघितलं असतं तर वळकू आला असता."

"नाही बघितलंत?"

आबा माझ्याकडे सरळ पाहत म्हणाले, "मी दोरीला झटका दिला. तुज्या आयनं मला वर घेतला."

मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी पुढचा चमचा भरवला.